मोटारीतील वातानुकूलक गरम वारा देऊ लागल्यास

कल्याणहून येणारा रस्ता शीळफाट्यास मुंब्रा–पनवेल रस्त्यास मिळतो. भाजीपाल्याचे टेम्पो आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या बाजूने येणारे कंटेनर यांची येथे गाठ पडते व गर्दीच्या वेळी वाहने बराच काळ जागची हलत नाहीत. मोटारीतील वातानुकूलकाची, म्हणजे बोलीतील ए.सी.ची, खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. शेतकरी बंधूंस हा विषय आता परका राहिलेला नाही. नव्या मध्यम व जड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलक असावा, असा केंद्र शासनाचा नियम आहे.

एका मे महिन्यात प्रस्तुत लेखक भातबियाण्यास चोळावयाच्या जिवाणू खताची पाकिटे घेऊन पनवेलकडून कल्याण तालुक्यात येत होता. या खतातील जिवाणू जिवंत असतात. पाकीट फार तापले की ते मरतात, आणि मेलेले पाकीट वरून ओळखता येत नाही. गाडी चालत होती तोवर हवा गार होती. फाट्यावर अडकल्यावर पंधरा मिनिटांत गरम वारा येऊ लागला. पुढे रस्ता मोकळा झाला, कटई नाका मागे पडला, तशी हवा पुन्हा गार झाली. यापूर्वी एका दुरुस्तीवाल्याने ‘गॅस कमी आहे’ असे सांगून दोन वेळा गॅस भरला होता. दोन्ही वेळचा खर्च फुकट गेला, कारण दोष गॅसचा नव्हताच.

तो कोठे होता हे समजण्यास घरातील माठ आठवावा. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठाची उष्णता घेऊन जाते, म्हणून आतील पाणी गार होते. ए.सी.मध्ये पाण्याच्या जागी गॅस असतो व तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते आणि ती आतल्या हवेची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो. कंडेन्सर ही रेडिएटरच्या पुढील जाळी होय. तेथे बाहेरचा वारा लागून उष्णता निघून जाते व गॅस पुन्हा द्रव होतो. चालत्या गाडीस हा वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीस तो विजेच्या पंख्याने द्यावा लागतो. पंखा बंद असेल किंवा जाळी कचऱ्याने बुजली असेल, तर उष्णता कोंडते, नळ्यांतील दाब वाढतो आणि सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. म्हणून चालताना गार आणि उभे राहताच गरम, ही खूण दिसली तर गॅसचा विचार नंतर करावा. प्रथम पंखा व जाळी पाहावी.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागी इंजिन चालू करून ए.सी. लावावा व बॉनेट उघडून दुरूनच पाहावे. पंखा थोड्याच वेळात फिरू लागला पाहिजे. न फिरल्यास फ्यूज व रिले तपासावा. फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा घालावा, तारेचा तुकडा कधीही नको. पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात घालण्यापूर्वी किल्ली काढून इंजिन निवू द्यावे. आपल्या भागात भाताच्या पेंढ्याची वाहतूक, रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातील किडे यांनी जाळी लवकर भरते. ती साध्या नळीच्या मंद धारेने, जमल्यास इंजिनाच्या बाजूने पुढे, धुवावी. धुलाई केंद्रातील जोरदार फवाऱ्याने जाळीच्या नाजूक पात्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो. हे नुकसान हौसेने करून घेतलेले पुष्कळदा पाहिले आहे.

चालतानाही हवा गरमच येत असेल, तर प्रकरण वेगळे समजावे. आतील वारा मुळातच मंद असेल, तर केबिनचा फिल्टर मातीने भरलेला असतो. वारा जोरात आहे पण गरम आहे, अशा वेळी बॉनेटखालील नळ्या पाहाव्यात, ए.सी. नीट चालत असता जाड नळी गार लागते व दमट हवेत तिच्यावर दव धरते. ती गार असूनही आत गरम वारा येत असल्यास हीटरची झडप अडकलेली असण्याचा संभव असतो. बारीक नळी मात्र चटका बसण्याइतकी तापते, तिला हात लावू नये. जाड नळीही कोमट असेल, तर कॉम्प्रेसर चालत नाही किंवा गॅस उतरला आहे. सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर गळती बहुधा तेथेच असते.

गॅसचे काम स्वतः करू नये. प्रचलित आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांस उकळतो. त्याचा फवारा डोळ्यास लागल्यास डोळा जाण्याची भीती असते. कारागिराकडून मात्र तीन गोष्टी मागून घ्याव्यात: आधी गळती शोधून बंद करणे, मग पंपाने नळ्या निर्वात करणे, आणि शेवटी बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस मोजून भरणे. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. स्वयंपाकाचा गॅस भरून देणाऱ्याकडे गाडी नेऊ नये. तो पेट घेतो. जुना गॅस हवेत सोडणेही योग्य नव्हे. एक किलो आर-१३४ए पृथ्वी तापविण्यात हजार किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो, आणि अशा वायूंचा वापर घटविण्याच्या २०१६ च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत पंख्याचा रिले जळालेला निघाला. त्याची किंमत गॅसच्या एका भरणीपेक्षा पुष्कळच कमी होती. त्या दिवशीची पाकिटे वाटली नाहीत. पेरणीपूर्वी नवी आणावी लागली, आणि ती बर्फाच्या पेटीशेजारी ठेवून पहाटेच फाट्यापलीकडे नेली.