परसातील मिरची

मृगाचा पाऊस पडून गेला आणि आजीने फडताळातील पुरचुंडी सोडली. गेल्या हंगामातील पिकलेल्या लाल मिरच्या वाळवून तिने त्यांचे बी जपून ठेवले होते. नातवाने ते भुसभुशीत मातीत पेरले. आठ-दहा दिवसांत अंकुर वर आले. महिना-सव्वा महिन्याने रोपे वीतभर झाली, तेव्हा ती परसातील वाफ्यात हात-हात अंतरावर लावली.

"पाणी साचू देऊ नकोस हो. मिरचीचे मूळ कुजते," आजीने बजावले.

गणपतीच्या सुमारास रोपांवर पांढरी फुले आली. नवरात्रात पानांआड हिरव्यागार मिरच्या लोंबू लागल्या. नातवाने मोठ्या ऐटीत एक मिरची तोडली आणि कचकन चावली. क्षणात त्याचे डोळे भरून आले. तो घटाघटा पाणी प्याला, तरी आग शमेना. आजीने दह्याची वाटी पुढे केली, तेव्हा कोठे त्याच्या जिवात जीव आला.

असे का व्हावे? मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्निग्ध पदार्थांत मात्र विरघळते. म्हणून पाण्याने न शमणारा दाह दुधादह्याने शमतो. या द्रव्याने जीभ खरोखर भाजत नाही. उष्णतेची वार्ता मेंदूस पोचविणारे मज्जातंतू त्यामुळे चेतविले जातात आणि जीभ भाजल्याचा भास होतो. हे द्रव्य सर्वांत अधिक असते ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गाभ्यात.

आज मिरचीच्या ठेच्यावाचून भाकरी सुनी वाटते; परंतु मिरची मूळची आपल्या देशातील नव्हे. मेक्सिकोसारख्या अमेरिका खंडातील प्रदेशांत लोक हजारो वर्षांपासून तिची लागवड करीत आले आहेत. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळील बेटांवर पोचला आणि त्यानंतर युरोपास मिरचीची ओळख झाली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर आपले पूर्वज मिरी, पिंपळी आणि आले यांनीच अन्नास तिखटपणा आणीत. या नव्या पाहुणीस नावही मिऱ्यांवरूनच मिळाले.

दिवाळीच्या सुमारास बियाण्यासाठी राखलेल्या मिरच्या लालबुंद झाल्या. एके सकाळी नातू पाहतो, तो एक बुलबुल त्या खुशाल टिपीत होता! पुढल्या वर्षीचे बी जाणार, या संतापाने त्याने खडा उचलला. आजीने त्याचा हात धरला.

"थांब, बाळ. आपल्यापुरत्या मिरच्या अजून पुष्कळ आहेत. त्याला तिखट लागते का, ते तरी बघ!"

बुलबुलाच्या डोळ्यांत पाण्याचा थेंबही नव्हता. पक्ष्यांना कॅप्सायसिनचा दाह जाणवतच नाही. उंदरासारखे प्राणी दातांनी बी चावून टाकतात. ते पुन्हा उगवत नाही. बुलबुलासारखे पक्षी ते अख्खे गिळतात. मग त्यांच्या विष्ठेतून ते दूरवर पडते आणि तेथे रुजते. बी चावणाऱ्यांना दूर ठेवावे आणि बी पसरविणाऱ्यांना मोकळीक द्यावी, अशी ही निसर्गाची योजना आहे. नातवाच्या हातातील खडा गळून पडला.

पुढच्या पावसाळ्यात कुंपणाजवळच्या पेरूखाली मिरचीचे एक रोप उगवले. तेथे तर कोणीच बी पेरले नव्हते! नातवाने वर पाहिले. पेरूच्या फांदीवर बुलबुल बसला होता. त्या रोपावरील पिकलेली मिरची तोडावयाची नाही, असा नातवाने नेम केला.

स्वाध्याय
१. पाण्याने न शमलेला दाह दह्याने का शमला?
२. मिरचीचा तिखटपणा तिच्या बियांचे रक्षण कसे करतो?
३. नातवाच्या हातातील खडा का गळून पडला?