निवळलेली वाइन

"द्राक्षं तर वेलीवरची, मग वाइन व्हीगन नाही असं कसं?" मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारलं. उत्तर एका मराठी शब्दात आहे: निवळणे.

रस आंबून झाला की वाइन गढूळ असते. गढूळ पाणी निवळायला आपल्याकडे निवळीची बी उगाळून घालत. गाळ खाली बसे. वाइनमध्ये हेच काम अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंग्लास करतं. नको त्या कणांना चिकटून ते तळाशी बसतं. वरची नितळ वाइन काढून घेतात. बाटलीत ते जवळजवळ उरत नाही, पण वापरलं गेलं हे खरंच. त्याऐवजी बेंटोनाइट माती वापरली, किंवा नुसता वेळ दिला, तर प्राणिज काही लागत नाही.

नैसर्गिक वाइन करणारे बहुधा वेळच देतात. फ्रान्समध्ये २०२० पासून 'वँ मेथोद नात्यूर' ही खूण आहे: द्राक्षं हाताने खुडलेली, यीस्ट द्राक्षांबरोबर आलेलंच, सल्फाइट मुळीच घातलेलं नाही किंवा लिटरला ३० मिलिग्रॅमहून कमी.

पण थांबा. जॉर्जियात वाइन क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात करतात. युनेस्कोने २०१३ मध्ये ही रीत वारसा म्हणून नोंदवली. त्या रांजणाला आतून मेण लावतात, तेही मधमाशीचं! म्हणजे कडक व्हीगन माणसाला इथेही विचार करावा लागेल.

म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. 'नैसर्गिक' म्हणजे वाइनमध्ये माणसाने किती ढवळाढवळ केली. 'व्हीगन' म्हणजे प्राण्याकडून काय घेतलं. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.