घारापुरीची दुसरी टेकडी

घारापुरीला जाणारा प्रवासी बहुधा एकच टेकडी पाहतो. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने तासाभरात बेटावर उतरावे, पायऱ्या चढून पश्चिमेकडील मुख्य लेण्यातील सुमारे २० फूट उंचीची शिवमूर्ती पाहावी आणि परतावे, असा क्रम ठरलेला आहे. पूर्वेकडील टेकडीकडे फारसे कोणी वळत नाही. तिला 'स्तूप टेकडी' म्हणतात. तेथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. या बेटावरील मानवी वस्तीच्या खुणा इ. स. पूर्व २ ऱ्या शतकापर्यंत मागे जातात.

हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांत मिळून वस्ती हजार-बाराशेची. रोज रात्री समोर मुंबईचे दिवे दिसत. पण समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

मग इतक्या लहान बेटावर स्तूप कसा? उत्तर समुद्रात शोधावे लागते. सोपारा, कल्याण व चेऊल ही त्या काळची नामांकित बंदरे. सोपाऱ्यास १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आणि स्तूप सापडला. या तिन्ही गावच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. व्यापारी व भिक्खुसंघ यांचे नाते असे निकटचे होते. घारापुरी याच जलमार्गावर आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक पथ्य पाळावे. पश्चिमेकडील लेणी शैव असून साधारण ६ व्या शतकातील आहेत. उत्साहाच्या भरात तीही आपलीच होती असे सांगणे जितके चूक, तितकेच स्तूपाचा उल्लेख गाळून बेटाचा इतिहास सांगणेही चूक. केवळ ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण आपणांसही लागू आहे.

दुसरे असे, की अवशेष जागेवर असले तरच बोलतात. राजबंदरजवळच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास 'एलिफंटा' नाव दिले, तो १८६४ मध्ये इंग्रजांनी हलविताना फुटला. पुढे जोडलेला तो हत्ती आज मुंबईच्या जिजामाता उद्यानात आहे. बेटावर त्याचे फक्त नाव उरले. आठवण म्हणून उचललेल्या विटेचेही तेच होते.

१९८७ मध्ये घारापुरीची लेणी जागतिक वारसा ठरली. पुढील सहलीत आपण दोन्ही टेकड्यांसाठी वेळ ठेवू या. वही-पेन्सिल न्यावी, दिसेल तेवढेच टिपावे, बेटावरील वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत आणि वीट जागच्या जागी ठेवून परतावे. स्तूपाला वंदन करण्याची ही रीतही तितकीच मोलाची आहे, असे आम्हांस वाटते.