कुलाब्याचे स्मारकमंदिर आणि भिंतीवर नसलेली नावे

पाठ : लूक १०:१७-२०, १ पेत्र २:४-५

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतील पुष्कळ बंधू उदरनिर्वाहासाठी मुंबईस असतात. ते सुटीत गावी आले म्हणजे तेथील थोर मंदिरांचे वर्णन करितात. आणि मग आपल्या मातीच्या भिंतींच्या प्रार्थनागृहाकडे पाहून, ‘ह्यास मंदिर म्हणावे काय?’ असा प्रश्न मंडळीत निघतो. म्हणून ह्या आठवड्यास आम्ही कुलाब्याच्या संत योहानाच्या मंदिराचा पाठ घेतला आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात.

इतिहास. १८३८ ते १८४२ ह्या काळात इंग्रजांचे अफगाणिस्तानाशी युद्ध झाले. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परतणारी त्यांची फौज बर्फात व खिंडींत जवळजवळ समूळ नाश पावली. ह्या युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ हे मंदिर उभारिले. ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाचा दगड बसला. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग ह्यांनी समर्पण केले. परंतु शिखर तेव्हा झाले नव्हते. सुमारे १९८ फूट उंचीचे ते शिखर १८६५ त पुरे झाले. म्हणजे सात वर्षे शिखरावाचून उपासना चालली, आणि ती उणी ठरली नाही.

बांधणी. मंदिराचा नकाशा हेन्री कॉनिबेअर ह्यांचा. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाच्या कामातही तेच होते. नमुना मात्र त्यांनी नवा काढिला नाही. तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडातील खेड्यापाड्यांत जी मंदिरे बांधीत, त्यांचाच घेतला. त्यांची कमान माथ्याशी टोकदार असते. अर्धगोल कमान भार बाजूंस अधिक रेटिते. टोकदार कमान तो खाली खांबांवर अधिक उतरविते. म्हणून छत उंच नेता येते व खिडक्या लांब ठेविता येतात. लोक बसतात त्या मोठ्या दालनाचे इंग्रजी नाव ‘जहाज’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. वाचकांस नोहाचे तारू आठवेल. पूर्वेच्या टोकास प्रभुभोजनाचा मेज असतो. कारण सूर्योदयाची दिशा पुनरुत्थानाचे स्मरण देते.

त्या जुन्या इंग्रज गावकऱ्यांची स्थितीही ध्यानात घ्यावी. बहुतेकांस वाचता येत नसे. उपासना लॅटिन भाषेत होई. भिंतींवरील व काचांवरील चित्रे हेच त्यांचे पुस्तक. इंग्रजी बायबल प्रत्येक गावच्या मंदिरात ठेवावे असा राजाचा हुकूम १५३८ त निघाला. दगडी मंदिरे तर त्यापूर्वी शेकडो वर्षे उभी होती. आपणांकडे उलट झाले. विल्यम केरी ह्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ त निघाला. पुष्कळ गावी वचन आधी आले आणि भिंती मागून आल्या. तर मग अधिक दरिद्री कोण?

न लिहिलेली नावे. कुलाब्याच्या मंदिरात मृत अधिकाऱ्यांची नावे लिहिलेली आहेत. खालच्या हुद्द्याचे लोक व साधे शिपाई ह्यांची संख्या फार, म्हणून त्यांचा नुसता एकत्र उल्लेख आहे. १८३९ त मुंबई इलाख्याची फौज सिंधमार्गे अफगाणिस्तानात गेली होती, आणि त्या फौजेत कोकणातील शिपाई पुष्कळ असत. त्यांत जे परतले नाहीत, त्यांच्या घरच्यांनी ह्या घाटाखाली किती दिवस वाट पाहिली असेल! त्यांची नावे वाचावयास आज कोणती भिंत आहे?

दगडास जागा अपुरी पडते. सत्तर शिष्य आनंदाने परतले, तेव्हा प्रभूने त्यांस पराक्रमाचा आनंद करू दिला नाही. नावे स्वर्गात लिहिलेली आहेत ह्याचा करण्यास सांगितले. आणि पेत्र तर विश्वासणाऱ्यांसच जिवंत धोंडे म्हणतो. म्हणून, बंधुभगिनींनो, भिंत लिंपावयाची राहिली तरी उपासना राहू देऊ नका. आणि गावातील ज्या विधवेचे, ज्या मजुराचे नाव कोणी घेत नाही, ते येत्या रविवारी प्रार्थनेत मोठ्याने घ्या.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न :
१. शिखर होण्यापूर्वी ह्या मंदिरात किती वर्षे उपासना चालली?
२. टोकदार कमानीपासून कोणता लाभ होतो?
३. आपल्या मंडळीत कोणाचे नाव विसरले गेले आहे?