कार्यानुभव : बाळासाठी झबलं-टोपरं

जुन्या मऊ सुती साडीतून मुलं गरजू बाळांसाठी झबली-टोपरी शिवू शकतात. पण कात्री लावण्याआधी मुलांना विचारा, हे घालणारं बाळ केवढं असेल? अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळाच्या अंगातली ऊब लवकर जाते. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून टोपरं ही हौस नाही, गरज आहे.

शिवताना एवढं पाळा :
१. साडी आधी स्वच्छ धुवून उन्हात वाळवा. नवं कापड आटतं, तेही धुऊनच बेता.
२. झबलं पुढून पूर्ण उघडं ठेवा. शिवण बाहेरच्या बाजूला घ्या, म्हणजे टोचत नाही.
३. बटणं, मणी, टिकल्या नकोत. तुटून तोंडात जातात. बंद आखूड ठेवा, गळ्याभोवती नकोतच.
४. सुया मोजून द्या, मोजूनच परत घ्या.

रुग्णालयात नेण्याआधी तिथल्या परिचारिकांना माप आणि गरज विचारा. देताना आई-बाळाचे फोटो काढू नका. आपल्या धाकट्या भावंडाला घालू तेच दुसऱ्याच्या बाळाला द्यायचं, हाच या तासाचा खरा धडा!