कारागिराचा ठसा : निवड आणि राखण

कारागिराचा ठसा म्हणजे हाताने घडवलेल्या सुरीच्या पात्यावर, बहुधा मुठीलगतच्या धार न काढलेल्या सपाट भागावर, कायमची उमटवलेली अशी खूण, की जिच्यावरून ते पाते कोणाच्या हातचे हे विकत घेणाऱ्याला कळावे आणि ते मोडले तर जाब कोणाला विचारायचा हेही कळावे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांची कंपनी स्थापन झाली, ती या ठशांची नोंद ठेवी. जर्मनीतील झोलिंगेन येथे पेटर हेंकेल्स याने १७३१ साली तेथील कारागीर-संघाकडे नोंदवलेली जुळ्यांची खूण आजही वापरात आहे. नक्कलही नोंदीइतकीच जुनी आहे. पासाउ येथील लांडग्याची खूण झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलली, आणि आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणून नावाजलेल्या युरोपी पात्यांवरील दातेरी विळ्यांची जोडखूण हिंदुस्थानी पात्यांवरही उठवली गेली, कारण त्या खुणेला बाजारात भाव होता. ज्या खुणेला अजून भाव आलेला नाही तिची नक्कल कोणी करत नाही, या समजुतीवर प्रस्तुत लेखकाने कोल्हापूर जिल्ह्यातील आपल्या लोहारशाळेत तीन वर्षे काम केले, आणि ती समजूत सर्वस्वी चुकीची ठरली.

ठशाचा विचार प्रथम धातूच्या बाजूने करावा लागतो. ठोकून उमटवायचा ठसा पाते नरम असतानाच, म्हणजे तापवून सावकाश निवू दिल्यानंतर मारायचा असतो. पाणी दिलेल्या, म्हणजे लाल करून तेलात वा पाण्यात एकदम विझवून कठीण केलेल्या पात्यावर तो मारला तर ठशाची कड उडते किंवा पातेच तडकते. लेखकाने निवडलेला पहिला ठसा आठ मिलिमीटर रुंदीचा होता : वर उभी टिटवी आणि खाली शिरोरेषेसह चार अक्षरांचे नाव. ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या पहिल्या चौदा पात्यांपैकी पाच पाती पाणी देताना तडकली, आणि पाचही चिरा शिरोरेषेतून निघाल्या होत्या, ही गोष्ट दोष तेलाचा की तापाचा या शोधात दोन महिने गेल्यानंतर लक्षात आली. कारण साधे आहे. तीक्ष्ण तळाची सलग सरळ खाच म्हणजे पोलादाला आधीच आखून दिलेली फुटण्याची रेघ होय, आणि विझवताना पात्यात निर्माण होणारा ताण नेमका तिथे एकवटतो. रोमन अक्षरे सुटी असल्याने हा धोका त्यांच्यात कमी असतो, देवनागरीत मात्र तो लिपीच्या ठेवणीतच आहे. म्हणून देवनागरी ठशात शिरोरेषा अक्षराअक्षराला तोडावी किंवा गाळावी, रेषांचे तळ गोलसर ठेवण्यास ठसा कोरणाऱ्याला बजावून सांगावे, आणि ‘क्ष’, ‘श्र’ यांसारखी गुंतलेली अक्षरे टाळावीत, कारण त्यांच्यातील बारीक पोकळ्या दोन-चार डझन ठोक्यांत बुजतात. मीठपाण्यात भिजवलेला बोळा आणि बॅटरीचा प्रवाह यांच्या साहाय्याने साच्यातून खूण कोरण्याची रीत कठीण केलेल्या पात्यावरही चालते व त्याला ताण देत नाही. मात्र अशी खूण उथळ असते आणि वारंवार घासल्यास पुसट होते.

यानंतर नाव गाळून केवळ टिटवी ठेवण्यात आली. पक्ष्याचे पाय फार बारीक कोरले गेल्याने चाळिसाव्या पात्याच्या सुमारास डावा पाय ठशातून अर्धा तुटला, आणि नवा ठसा करवून घेण्याइतके पैसे हाताशी नसल्याने तोच पुढे वापरावा लागला. त्या काळात ही लाजेची बाब वाटत होती.

याच सुमारास पुण्यातील एका व्यापाऱ्याने माल घेण्यास आरंभ केला. त्याने दोन वर्षांत साठ सुऱ्या नेल्या, टिटवीची प्रत्येक भेटीत वाखाणणी केली, आणि खोक्यावर छापण्यासाठी म्हणून मूळ चित्र मागून घेऊन ते आपल्या खर्चाने संगणकावर रेखीव करवून घेतले. पुढे एक गृहिणी धार लावण्यासाठी एक सुरी घेऊन आली आणि ‘तुमचीच आहे’ असे म्हणून तिने ती पुढे केली. पाते पत्र्यातून यंत्राने कापलेले होते, त्याच्या पाठीवर घणाची एकही खूण नव्हती, आणि मुठीलगत टिटवी होती. तिचे दोन्ही पाय शाबूत होते. लोहारशाळेतील तुटलेल्या ठशातून अशी टिटवी उमटणे अशक्य होते, म्हणजे ती खोक्याच्या चित्रावरूनच घेतलेली होती. त्या बाईंची समजूत अखेरपर्यंत पटली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने खूण तीच होती आणि धार मात्र आठ दिवसांत गेली होती. व्यापाऱ्याला विचारणा केली असता त्याने प्रथम असे पक्षी पुष्कळांच्या मालावर असतात असे सांगितले, आणि थोड्याच वेळाने, चित्र आपल्या माणसाने काढले असून त्याचे पैसे आपण दिले आहेत, म्हणून ते आपलेच आहे, असा दावा केला. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे त्याला त्याच संभाषणात स्पष्ट सांगण्यात आले. त्यावर त्याने आपल्या नावावर झालेल्या नोंदणीचा क्रमांक वाचून दाखवला.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये सुऱ्या व हातहत्यारे आठव्या वर्गात मोडतात, एकट्या कारागिराला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जास ४,५०० रुपये शुल्क पडते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे वाढवता येते. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीच्या चिन्हांचा शोध विनामूल्य घेता येतो. तो पहिला ठसा कोरवून घेण्याआधी घ्यावा. अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणालाही विरोध नोंदवता येतो. व्यापाऱ्याच्या अर्जावरील ही मुदत केव्हाच उलटून गेली होती, कारण ते जर्नल चाळावे असे लेखकाला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते तो तर समोर बसून चहा घेत असे. आधीपासून वापर करणाऱ्याला कलम ३४ संरक्षण देते, परंतु वापर सिद्ध करावा लागतो, आणि लेखकाच्या बिलांवर केवळ ‘सुरी, ६ नग’ एवढेच लिहिलेले होते. म्हणून प्रत्येक बिलावर ठशाचे नाव व छाप असावी, प्रत्येक ठशाचा पहिला ठोका शिशाच्या तुकड्यावर घेऊन तारखेसह जपावा, आणि चित्र दुसऱ्याकडून काढवून घेतल्यास त्याचे हक्क आपल्याकडे दिल्याचा सहीचा कागद घ्यावा, कारण कृतिस्वाम्याचे हस्तांतर लेखी असल्याखेरीज कायदा ते मानत नाही. चिन्ह साधे, वेगळे आणि दुरून ओळखू येणारे असावे हे सर्वांना माहीत असतेच. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव वा चित्र व्यापारी चिन्हात वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे; हत्यारे घडवणाऱ्यांना तो मोह फार होतो, म्हणून येथे मुद्दाम नमूद केले आहे.

नोंदणी रद्द करण्यासाठी केलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे. लोहारशाळेत आता निराळा ठसा वापरला जातो आणि त्याची नोंदणी पहिला ठोका मारण्यापूर्वी झालेली आहे. टिटवीचा ठसा असलेली जुनी सुरी ज्यांच्या घरी असेल त्यांनी तिचा डावा पाय पाहावा : तो अर्धा तुटलेला असेल, तर ते पाते याच लोहारशाळेत घडले आहे. दोन्ही पाय शाबूत असलेली पहिली चाळीसेक पातीही येथलीच आहेत, पण त्यांच्या पाठीवर घणाचे घाव दिसतात. ते घाव नसतील आणि पाय मात्र धड असतील, तर ती सुरी येथली नाही.