तोंडी हिशेब

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस पाढे तोंडपाठ येतात. परंतु सव्वा किलो धान्याचे किती रुपये झाले, असें दुकानीं विचारतांच ते कागद शोधूं लागतात. पाठांतर व हिशेब यांची ही फारकत कां व्हावी?

आमच्या मतें जलद हिशेब करणारा मनुष्य भराभर गुणीत नसतो. तो अवघड संख्येस सोप्या संख्येच्या शेजारीं नेऊन बसवितो. ही युक्ति आपल्या भाषेंतच आहे. एकोणसाठ म्हणजे साठांस एक उणा. म्हणून ५९ × ६ करतांना साठ सक तीनशें साठ म्हणून त्यांतून सहा वजा करावे, उत्तर ३५४. तसेंच ९८ × ७ म्हणजे सातशांतून चौदा वजा; उत्तर ६८६.

पूर्वीं दिवेलागणीस परवचा म्हणतांना मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी म्हणत असत. १९५७ सालीं सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा आला, तेव्हां हीं कोष्टकें निरुपयोगी झालीं असें अनेकांस वाटलें. पण आणे गेले तरी पाव आणि सव्वा गेले नाहींत. किलोस ८४ रुपये दर असल्यास सव्वा किलोचे ८४ व त्यांचा चतुर्थांश २१, मिळून १०५ रुपये होतात. २५ नें गुणणें हीही पावकीच होय : २५ × ३६ करतांना छत्तीसाची पाव नऊ, म्हणून उत्तर नऊशें.

उत्तर आलें म्हणजे नवांचा ताळा पाहावा. ९८ चे अंक मिळवीत गेल्यास आठ उरतात. आठ साते छप्पन्न, त्यांचे दोन. ६८६ चेही दोनच. ताळा न जुळल्यास उत्तर खास चुकलें. परंतु जुळल्यानें तें बरोबरच ठरतें असें नाहीं, कारण ६६८ चाही ताळा दोनच येतो. यास्तव दुसऱ्या रीतीनेंही पडताळावें : सात नव्वदें ६३० व सात आठे ५६, मिळून ६८६.

हल्लीं हिशेबाचें यंत्र प्रत्येकाच्या हातीं आहे, हें खरें. परंतु बोट चुकीच्या अंकावर पडलें तर यंत्र तक्रार करीत नाहीं. ज्याच्या मनांत उत्तराचा अंदाज आहे त्यासच चूक दिसते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, रोज जेवतांना एखादा हिशेब मुलांस विचारावा आणि उशीर लागल्यास रागावूं नये. भीतीनें पाठ असलेलेंही विसरतें. आधीं अचूकपणा यावा. वेग त्याच्यामागून आपोआप येतो.